आकडा उतरला

त्या हिवाळ्यात रेश्मानं देवाकडं एकच मागणं लावून धरलं होतं. आकडा उतरू दे.

आकडा विश्वजीतच्या रक्तातला. एसजीपीटी नावाचं एक एन्झाइम रक्तात असतं आणि ते चाळीसच्या आत असावं लागतं, हे दिवाळीपर्यंत तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. दिवाळीत तिला काळजी होती ती नवऱ्याच्या खोकल्याची. शिरवळच्या कंपनीतनं सुट्टीवर आलेला विश्वजीत फराळाचं ताट तसंच सरकवायचा, दिवेलागणीला त्याच्या अंगात कणकण भरायची, आणि पँट कमरेवर राहीना म्हणून तो ती तनूच्या लाल रिबिनीनं बांधायचा. "फॅशन हाय ही," म्हणायचा. तीन वर्षांची तनू रिबीन परत मागत त्याच्या पायांत घुटमळायची.

कराडला नेलं तर दवाखान्याच्या पायरीवरच चार ओळखीचे भेटणार, म्हणून रेश्मानं त्याला सांगलीला नेलं. तिचं माहेर माधवनगरचं, तिथं उतरायची सोय होती. सरकारी दवाखान्यात त्याच्या छातीत साठलेलं पाणी सुईनं काढलं. त्या पाण्यात कुठलंसं एन्झाइम फार वाढलेलं निघालं, छातीच्या फोटोतही डाग दिसले, आणि टीबी ठरला. टीबी निघाला की आणखी एक तपासणी करायचीच असते. ती केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मगदूम मॅडमनी दोघांना आत बोलावलं, उठून दार लावून घेतलं, आणि एचआयव्हीचं नाव घेतलं.

रेश्माची आणि तनूची तपासणी निगेटिव्ह आली. माहेरच्या परसात विश्वजीत तिला म्हणाला, "लग्नाच्या आदीचं असंल. मला खरंच ठावं नव्हतं गं." रेश्माला राग आला होता, लय आला होता. पण राग काढायला समोरचा माणूस आधी नीट उभा तर राहायला पाहिजे. हा भिंतीला धरून उभा होता.

"आईला सांगू नगंस," तो म्हणाला. "टीबी सांग. दुसरं नगं."

अंबूबाईंना, म्हणजे तिच्या सासूला, टीबी एवढंच सांगितलं. नवऱ्यामागं तीन एकर ऊस एकटीनं उभा करणारी बाई ती, पण टीबी ऐकून मटकन खाली बसली. मग पदरानं तोंड पुसून उठली आणि पहिलं काय बोलली असेल, तर, "गावात कुणाला टीबी म्हणायचं न्हाई. निमोनिया म्हणायचं. दिपीचं जमाया लागलंय."

दिपी म्हणजे दीपमाला, विश्वजीतची बहीण. खटावकडचं स्थळ, मुलगा फौजेत. पाहणं होऊन पसंती आली होती. ज्या घरात क्षयाचा माणूस त्या घरची मुलगी कोण करून घेणार, हे अंबूबाईंना कुणी शिकवायला नको होतं.

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, पाठोपाठ एचआयव्हीच्या. ताप गेला. एक दिवस त्यानं दोन भाकरी खाल्ल्या आणि रेश्मा चुलीपुढं तोंड फिरवून रडली. आणि मग उलट्या लागल्या. सांगलीला रक्त तपासलं तर आकडा तीनशेच्या वर.

"हे एन्झाइम लिव्हरच्या पेशींच्या आत असतं," मगदूम मॅडमनी समजावलं. त्या सावकाश बोलायच्या, समोरच्याला कळलंय का ते बघत. "पेशी फुटली की ते रक्तात सांडतं. रक्तात जास्त दिसलं, की समजायचं आत पेशी फुटतायत. टीबीच्या गोळ्यांनी काहींना असं होतं. ह्याच्या अंगावर दोन्ही आजारांचा भार आहे, त्यात औषधांचाही. सध्या सगळ्या गोळ्या बंद."

"आणि मॅडम, टीबी?"

"तेच तर. म्हणून फार दिवस थांबता येत नाही. आकडा उतरला की एकेक गोळी परत सुरू करू. बहुतेकांचा उतरतो."

बहुतेकांचा उतरतो. कराडची एस.टी. पकडून घरी येईपर्यंत रेश्मा हेच दोन शब्द तोंडात घोळवत होती.

अंबूबाईंनी आकड्याचं सगळं ऐकून घेतलं आणि आपला निवाडा दिला. "लिव्हर म्हंजे काळीजच न्हवं? आणि रक्तात दिसतंय म्हणती व्हय? मग ही कावीळच की. डोळ्यात उतरली न्हाई अजून, येवढंच. रक्तातली कावीळ."

"कावीळ नाही म्हणाल्या मॅडम."

"मॅडमला काय, तिच्या घरात कुणाला झाली असंल तर कळंल."

तेव्हापासून रोज सकाळी रेश्मा विश्वजीतला खिडकीपाशी उभं करायची, खालची पापणी बोटानं ओढायची आणि डोळ्याचं पांढरं बघायची. तनूनंही ते उचललं. ती बाहुलीला खिडकीत न्यायची, तिचा प्लास्टिकचा गाल ओढायची आणि जाहीर करायची, "पिवळं न्हाई!" मग गोठ्यात जाऊन वासराचा डोळा. वासरू मान झटकायचं. "ह्यो पेशंट ऐकत न्हाई," तनू सांगायची, आणि विश्वजीत हसता हसता खोकायचा.

अंबूबाईंनी त्याच्या जेवणातलं मीठ आणि तेल बंद केलं. रविवारी आणि गुरुवारी उजाडायच्या आत त्याला रानातल्या विहिरीवर न्यायला लागल्या. "कवळं ऊन अंगावर घेतलं की रगत सुदं हुतं," म्हणायच्या. रेश्माला त्यात वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. आईच्या मागनं चालणारा तो अशक्त माणूस, खांद्यावर घोंगडी, उसाच्या कडेनं हळूहळू लहान होत जाणारा. परत आला की तोंडाला कसलातरी उग्र वास यायचा. "उलटी झाली व्हय?" ती विचारायची. तो मान हलवायचा, ती हो समजायची.

दुसऱ्या खेपेला आकडा सातशेच्या पुढं गेला.

मॅडमनी कागद खाली ठेवला. "गोळ्या बंद करूनही चढतोय. हे जुळत नाही. विश्वजीत, दुसरं काही घेता का? दारू? गावठी औषध, काढा, पावडर? काहीही असू दे, मी रागावणार नाही."

"न्हाई मॅडम," विश्वजीत म्हणाला. पंख्याकडं बघून म्हणाला.

रेश्मानं त्या पंख्याकडं बघणं पाहिलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. हा माणूस खोटं बोलताना छताकडं बघतो, हे तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं. पुढच्या गुरुवारी तनूला दीपमालाच्या कुशीत सरकवून ती त्या दोघांच्या मागनं रानात गेली.

विहिरीच्या काठावर विश्वजीत पूर्वेकडं तोंड करून, डोळे मिटून बसला होता. अंबूबाई सपाट दगडावर काहीतरी वाटत होत्या. वाटलेलं त्यांनी वाटीतल्या शेळीच्या दुधात कालवलं आणि त्याच्या ओठाला लावलं.

"आत्या, काय देताय?"

अंबूबाईंनी दचकून ओठांवर बोट ठेवलं. विश्वजीतनं डोळे न उघडता वाटी संपवली. ती संपली आणि मग बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "टोकलंस गं बाई! पाच झाल्या हुत्या, दोनच मात्रा राहिल्या हुत्या. आता गुण जातोय का काय."

"कसल्या मात्रा?"

"कावीळची मुळी. नानासो देतो, फौजेतनं रिटायर झालेला. पैसा घेत न्हाई, नारळ घेत न्हाई. त्येच्या पलटणीतला सायब बरा केलाय त्येनं! घेताना बोलायचं न्हाई आणि कुणाला सांगायचं न्हाई. सांगितलं की गुण जातो."

रेश्मा नवऱ्याकडं वळली. "आणि तुमी मॅडमना न्हाई म्हणालात."

"आईनं शपथ घातलेली," विश्वजीत म्हणाला. मग घोंगडी सावरत, "आणि गोळ्या तर सगळ्या बंदच हायत की. मला वाटलं, कायतरी चालू असावं."

हे असं म्हणाला, की तिला ओरडता येईना.

"आत्या, हे बंद करा. त्यांच्या अंगाला आत्ता काही सोसत न्हाई."

"का सोसत न्हाई? आख्ख्या तालुक्याला सोसली ही मुळी. ह्येच्याच अंगात काय अशी नवलाई हाय?"

रेश्मानं विश्वजीतकडं पाहिलं. आत्ता सांगावं. दोन शब्दांचं काम. त्यानं सासूच्या पाठीआडून मान हलवली, अगदी थोडी, डावी-उजवी. आणि त्या मानेवरच्या शिरा बघून रेश्मानं ते शब्द गिळले.

पण घरी न जाता ती सरळ नानासोंच्या दारात गेली.

नानासो सोप्यात बसून रेडिओ दुरुस्त करत होते. भिंतीवर वर्दीतला फोटो, खुंटीवर इस्त्रीची टोपी. सत्तरीचा माणूस, पण कणा बंदुकीसारखा ताठ. "या सूनबाई. उतरली का आमच्या पेशंटची कावीळ? अजून दोन डोस, मग बघा, एकदम ओके रिपोर्ट."

"काका, त्यांना टीबी हाय."

नानासोंचा स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

"आणि..." ती म्हणाली. पुढचं तिनं आजवर आईला सांगितलं नव्हतं, देवळात मनातल्या मनातसुद्धा नाव घेऊन उच्चारलं नव्हतं. ते तिनं ह्या जवळजवळ परक्या माणसाला सांगितलं. तीन इंग्रजी अक्षरं. बाहेर रस्त्यावरनं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला, त्यात ती अर्धी बुडाली, पण नानासोंना कळायचं ते कळलं.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"अंबूवैनी मला निमोनिया म्हणाली हुती," ते म्हणाले. "माझ्या आज्यानं मला मुळी दावली तवाच बजावलेलं. क्षयाच्या माणसाला नगं, दारुड्याला नगं, पोटुशीला नगं. मी दर वेळंला इचारतो, सूनबाई. तिला बी इचारलं हुतं. दोनदा."

त्याच दिवशी दुपारी ते अंबूबाईंकडं आले. चहा घेतला नाही. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "वैनी, माझ्या हातनं मुळी चुकीची आलीया. आता एक थेंब द्यायचा न्हाई. राहिलेली हिकडं दे."

"चुकीची न्हवं, हिनं टोकलं म्हणून गुण गेला! खरं सांगा."

"तसं म्हण, काय बी म्हण. मुळी दे."

त्यांनी रेश्माकडं बघितलंसुद्धा नाही. तिचं गुपित त्यांनी आपल्या चुकीखाली झाकलं आणि मुळी खिशात घालून निघून गेले. पुढं दोन दिवस अंबूबाई रेश्माशी बोलल्या नाहीत. भाकरी वाढायच्या, ताट जरा जोरात ठेवायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा पाणी तापवत होती. आतनं तनूचा आवाज आला, मोठा, खूश, खेळात पहिला नंबर आल्यासारखा. "आई! पप्पा पिवळे!"

सांगलीला त्याला लगेच भरती केलं. रेश्मानं मगदूम मॅडमना विहिरीवरचं सगळं सांगितलं. मुळीचं नाव तिला माहीत नव्हतं. मॅडम रागावल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर तिला इतकी भीती वाटली नसती. आकडा चौदाशेवर पोचला होता. तनू माधवनगरला रेश्माच्या आईपाशी राहिली. रेश्मा खाटेशेजारी स्टुलावर राहिली, नवऱ्याच्या पिवळ्या तळव्यांना तेल चोळत, सलाईनचे थेंब बघत. रोज सकाळी रक्त जायचं आणि दुपारी ती रिपोर्टच्या खिडकीपाशी उभी राहायची. बाराशे. मग नऊशे. तिला वाटलं, नजरेला भास होतोय. आठव्या दिवशी कागदावर होतं, एकशे नव्वद.

ती तिथंच भिंतीला टेकली. मग घाईघाईनं फोन लावला. "आत्या! उतरला! चौदाशेचा दोनशेच्या आत आला!"

पलीकडं अंबूबाईंनी फोन कानाला तसाच ठेवून सगळ्या गल्लीला सांगितलं. मग फोनमध्ये, एकदम बारीक आवाजात, "रेश्मा... मी तुला लय टाकून बोलले गं. पोटात ठेवू नगंस. म्या निघतेच बघ. येताना पोळ्या आणते."

"सावकाश या."

"सावकाश कशाला? आता काय सावकाश!"

रेश्मा वॉर्डात धावत गेली. "अहो, ऐकलं का? उतरला."

विश्वजीतनं डोळे उघडायला वेळ लावला. मग हसला. "मग गोळ्या कवा सुरू?"

"विचारते."

"बरं." जरा थांबून, "मग गोळ्या कवा सुरू?"

थकलाय, तिनं मनाशी म्हटलं. आठ दिवस झोप कुठं लागलीय त्याला. चादर सारखी केली आणि मॅडमच्या खोलीकडं गेली. जाताना केस नीट बांधले. कितीतरी दिवसांनी तिला आपण कसे दिसतोय ते आठवलं होतं.

मॅडमच्या पुढ्यात तोच कागद होता.

"बस रेश्मा. आकडा तू पाहिलास ना?"

"व्हय मॅडम. गोळ्या..."

"मी सांगितलं होतं, पेशी फुटली की एन्झाइम रक्तात सांडतं." त्यांनी चष्मा काढला. "ते दोन कारणांनी कमी होतं. एक, पेशी फुटायच्या थांबल्या. म्हणजे बरं होतंय. दुसरं..." त्या थांबल्या. "दुसरं, फुटायला पेशीच फारशा उरल्या नाहीत. हे बघ, कावीळ वाढतेय. रक्त गोठवायचं काम लिव्हर करतं, तेही होत नाहीये. हा आकडा बरा होऊन उतरलेला नाही."

रेश्माला वाक्य कळलं. शब्द न शब्द कळला. तरी तिनं विचारलं, "पण उतरलाय ना?"

मॅडम उठून तिच्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसल्या. लिव्हर बदलणं म्हणतात ते अशा टीबीत होत नाही, हे सांगितलं. पुण्याला विचारलंय, तेही हेच म्हणाले. आम्ही सोडलेलं नाही, औषधं चालू आहेत, पण घरच्यांना बोलवून घे. आणि आत्ता त्याला गुंगी येतेय ती झोप नव्हे. "बोलत राहा त्याच्याशी. नाव विचारा, माणसं ओळखायला लावा. उत्तर देतोय का, किती वेळानं देतोय, आम्हाला सांगा."

अंबूबाई दिवस कलताना पोचल्या. इरकली लुगडं नेसल्या होत्या, हातात डब्यांचं गाठोडं. वॉर्डाच्या दाराशीच त्यांनी रेश्माच्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. "कुठं हाय माझा वाघ?"

"आत्या, जरा बसा हितं."

बाकावर बसवून तिनं सांगितलं. पहिल्यांदा आकड्याचं. ते अंबूबाईंना पटेना. उतरला म्हंजे उतरला, उतरलेलं वाईट कसं असंल? मग रेश्मानं शेजारची बाई उठून जाईपर्यंत वाट पाहिली आणि दुसरं सांगितलं. जे विहिरीवर गिळलं होतं ते.

अंबूबाईंच्या तोंडावर काही हललं नाही. गाठोड्याची गाठ त्या सोडत होत्या, परत बांधत होत्या.

"म्या मुळी वाटत हुते तवा," त्या म्हणाल्या, "तवा का न्हाई सांगितलंस?"

रेश्माकडं उत्तर होतं. विश्वजीतनंच नको म्हटलं होतं, मान हलवून. पण आत पडलेल्या माणसावर ते ढकलणं तिला जमेना.

"मला सांगितलं असतंस," अंबूबाई म्हणाल्या, "म्या काय पोराला टाकलं असतं व्हय गं?" आणि थोड्या वेळानं, जणू दुसऱ्याच कुणाविषयी बोलत असाव्यात तशा, "नानासोनं दोनदा इचारलं हुतं. दिपीच्यापायी निमोनिया म्हणले."

कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. दोघींनी पाय आत घेतले. रेश्मानं सासूचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

"ते झोपतायत सारखे," रेश्मा म्हणाली. "झोपू द्यायचं न्हाई. बोलत राहायचं, म्हणाल्या मॅडम."

"बोलायचं ना? चल की मग."

अंबूबाई खाटेच्या एका बाजूला बसल्या, रेश्मा दुसऱ्या. खिडकीतनं ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं, आणि त्या उन्हात तो आणखी पिवळा दिसत होता.

"इसू. ए इसू. बघ कोण आलंय."

बऱ्याच वेळानं, "आई."

"आणि ही रं? ही कोण?"

विश्वजीतनं रेश्माकडं बघितलं. नीट, ओळखीचं हसू आणून बघितलं. "दिपी."

अंबूबाईंनी ओठ दाबले. रेश्मा पटकन म्हणाली, "व्हय, दिपीच. ऐका, आई काय सांगतीय ते."

"सांगत काय हुते," अंबूबाईंनी घसा खाकरला. "आपल्या खालच्या रानाला तोड आली बघ परवा. टोळी बीडकडची. त्यातली एक म्हातारी, माझ्याएवढी, पर कोयता असा चालवती, असा! म्हणलं बाई, दम खा. तर म्हणती, दम घरी ठेवून आलीया." त्यांनी थांबून त्याच्याकडं पाहिलं. "ऐकतोस न्हवं?"

"हं."

"मग उसाची टायली भरली. भरली, आणि ओढ्याच्या उताराला चाक रुतलं. ह्यो गोंधळ! माणसं गोळा झाली. बाळासोचा ट्रॅक्टर आणला, त्यो बी रुतला. इसू?"

उत्तर आलं नाही. रेश्मानं त्याच्या छातीवर हात ठेवला, हलकेच थोपटलं, तनूला जागं करताना थोपटायची तसं. "आई सांगतीय, दोन दोन ट्रॅक्टर रुतले. ऐकलं का?"

"हं," विश्वजीत म्हणाला. खूप लांबनं आल्यासारखा तो हुंकार आला.

अंबूबाई खाली वाकल्या, तोंड त्याच्या कानापाशी नेलं. त्या रेटून बोलत राहिल्या. "मग काय झालं, इचार की. इसू, इचार की रं बाळा, मग काय झालं."